मुलाला पहिली एअर रायफल घेताय? मग आधी हा क्रम वाचा

शाळा सुरू झाल्या की क्लबमध्ये दर वर्षी तोच प्रश्न येतो, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्निल कुसाळेला ब्राँझ मिळाल्यापासून तर जरा जास्तच. "सर, मुलगी अकरा वर्षांची आहे, कुठली घेऊ, वॉल्थर की फाइनवेर्कबाऊ?" आता हा प्रश्न विचारायला हरकत काहीच नाही, पण त्याचा नंबर सहावा-सातवा लागतो आणि लोक तो पहिला विचारतात, मग दोन लाखाच्या वर पैसे जातात आणि चार महिन्यांनी कळतं की मुलीचा मास्टर डोळा (नेम धरताना आपोआप पुढाकार घेणारा डोळा) डावा आहे आणि घेतलीय उजव्या हाताची रायफल. म्हणून इथे ब्रँडची भांडणं अगदी शेवटी थोडीशी, बाकी सगळं क्रमाने. साधारण दहा ते चौदा वयाची मुलं डोक्यात ठेवून लिहितोय आणि खेळ म्हणजे १० मीटर एअर रायफल.

टप्पा १: नक्की कशाबद्दल बोलतोय ते आधी ठरवा

"छोटी रायफल" म्हणून लोक तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. एक म्हणजे जत्रेत फुगे फोडायला असते तसली मोडून भरायची एअरगन. दुसरी १० मीटरची मॅच एअर रायफल, ४.५ मिमी कॅलिबरची. तिसरी पॉइंट टू टू, म्हणजे ५.६ मिमीची, जिच्यावर ५० मीटरचे इव्हेंट होतात, कुसाळेचं मेडल त्यातलंच.

पॉइंट टू टू हे फायरआर्म आहे, आर्म्स अ‍ॅक्टखाली येतं, लायसन्स लागतं, तो विषय पहिल्या रायफलच्या यादीत घेऊच नका. पालक म्हणतात "पुढे तिकडेच जायचंय तर आत्तापासून तीच का नको", पण आपल्याकडे ५० मीटरवाले बहुतेक सगळे आधी १० मीटरवर काही वर्षं घासूनच पुढे गेलेत, उभं राहणं, श्वास, ट्रिगर हे सगळं तिथेच तयार होतं.

४.५ मिमी कॅलिबर आणि २० ज्यूलच्या आतली एनर्जी असलेल्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही. मॅच रायफल या हद्दीच्या खूपच आत असते, पेलेट (आत भरायची छोटी शिशाची गोळी) साधारण १७०-१७५ मीटर प्रति सेकंदाने सुटतं, म्हणजे सात-आठ ज्यूल. उलट ऑनलाइन "हाय पॉवर" म्हणून विकतात त्या मोठ्या कॅलिबरच्या गन या हद्दीबाहेर असू शकतात, आणि टार्गेट शूटिंगसाठी त्या काही कामाच्या नाहीत.

सावध: लायसन्स नाही म्हणजे खेळणं नाही. सात ज्यूलचं पेलेट डोळा घालवायला पुरेसं आहे. आणि गावाकडे नेऊन पारवे, बगळे, पोपट मारायचा प्रकार कुणी "प्रॅक्टिस" म्हणून करत असेल तर तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मुलाला पहिल्याच दिवशी सांगून टाका की पेलेट फक्त कागदावर किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर जाणार.

टप्पा २: आधी क्लब, मग रायफल

हा टप्पा सगळ्यात जास्त लोक गाळतात. रायफल घ्यायच्या आधी मुलाने निदान तीन-चार महिने क्लबच्या रायफलवर शूटिंग करायला हवं. पुण्यात बालेवाडी, कोल्हापुरात दुधाळी, मुंबईत वरळी, आणि आता तर जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी रेंजही बऱ्याच झाल्यात, बहुतेक ठिकाणी शिकणाऱ्यांसाठी दोन-चार रायफली असतात.

याचा फायदा फक्त पैसे वाचण्याचा नाही. या काळात तीन गोष्टी कळतात ज्या दुकानात कधीच कळत नाहीत. मुलाला हा खेळ खरंच आवडतोय का, कारण शूटिंग बाहेरून जेवढं भारी दिसतं तेवढं आतून कंटाळवाणं आहे, तासभर एकाच जागी उभं राहून तेच तेच करायचं असतं. दुसरं, त्याची पाठ आणि खांदे वजन कसं घेतायत. तिसरं, कोच कसा आहे, कारण पुढे रायफलची सेटिंग तोच करणार.

तपासा: कोच पहिल्या आठवड्यात काय शिकवतो ते बघा. रायफल कायम टार्गेटच्या दिशेलाच, बोट ट्रिगरच्या बाहेर, सेफ्टी फ्लॅग म्हणजे ती भगव्या-नारंगी रंगाची दोरी बॅरलमधून आरपार, "स्टॉप" ऐकलं की सगळं खाली. हे न शिकवता थेट नेम धरायला लावत असेल तर दुसरा क्लब बघा. आणि पहिल्याच महिन्यात "ही रायफल घ्या, माझ्याकडे आहे" म्हणत असेल तर दुप्पट सावध राहा.

टप्पा ३: डोळा

रायफल उजवी की डावी हे मूल कुठल्या हाताने लिहितं त्यावर ठरवतात, तसं करू नका. मास्टर डोळा आधी बघा.

घरी करायची पद्धत सोपी आहे. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटं त्रिकोणी भोक करायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या भोकातून लांबचं घड्याळ किंवा दाराची कडी बघायची, मग आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने ती वस्तू भोकातच दिसत राहते तो मास्टर. एकदा करून निकाल लावू नका, वेगवेगळ्या दिवशी, मुलाला काय तपासतोय ते न सांगता, चार-पाच वेळा करा, कारण मुलं "बरोबर" उत्तर द्यायला बघतात आणि हळूच मान वळवतात.

हात आणि डोळा एकाच बाजूचे असतील तर प्रश्न मिटला. उलटे असतील, म्हणजे लिहितो उजव्याने पण डोळा डावा, तर घाई न करता कोचशी बोला. लहान वयात, अजून काहीच सवय लागलेली नसताना, डोळ्याच्या बाजूने रायफल धरायला शिकवणं बऱ्याचदा सोपं जातं. काही कोच दुसऱ्या डोळ्यावर ब्लाइंडर (डोळ्यासमोरची पट्टी) लावून हाताच्या बाजूनेच चालवतात आणि तेही चालतं. पण हे ठरल्याशिवाय रायफल बुक करायची नाही, कारण डावी ग्रिप (मूठ) आणि डावा स्टॉक (खांद्याला आणि गालाला टेकणारा रायफलचा सांगाडा) आपल्याकडे पटकन मिळत नाही, सेकंडहँडमध्ये तर क्वचितच.

चष्मा असेल किंवा नसेल, आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे एक चक्कर मारा. कितीतरी मुलांचा नंबर इथेच पहिल्यांदा सापडतो.

सावध: एक डोळा घट्ट मिटून नेम धरायची सवय लागू देऊ नका, त्याने उघडा डोळाही ताणला जातो. दुसऱ्या डोळ्यासमोर पांढरी, अर्धपारदर्शक पट्टी लावायची, ३० मिमी रुंदीपर्यंत नियमात बसते. काळी पट्टी नको.

टप्पा ४: ओपन साइट की पीप साइट

शालेय स्पर्धांमध्ये ओपन साइट, पीप साइट आणि एअर पिस्तूल असे वेगळे प्रकार असतात, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात. साइट म्हणजे नेम धरायचं साधन. ओपन साइट म्हणजे मागे खाच आणि पुढे काडी. पीप साइट म्हणजे मागे बारीक भोकाचं डायऑप्टर आणि पुढे रिंग, ऑलिंपिकमध्ये असते ती.

बजेट कमी असेल आणि फक्त शाळेपर्यंतच खेळायचं असेल तर ओपन साइटची देशी रायफल घेऊन सुरुवात करायला काहीच हरकत नाही, प्रिसीहोलसारख्या आपल्याकडच्या कंपन्या बनवतात, खर्च बराच कमी येतो आणि पार्ट मिळतात. पण ओपनमध्ये कुठली रायफल चालते याचे नियम स्पर्धेप्रमाणे बदलतात, त्यामुळे जिल्हा संघटनेकडून त्या वर्षीचं पत्रक घ्या आणि मगच पैसे द्या. पुढे राज्य-राष्ट्रीय पातळीवर जायची इच्छा दिसत असेल तर माझं मत सरळ पीप साइट.

टप्पा ५: माप. इथे वेळ घालवा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. युनिफॉर्म घेतो तशी वाढत्या अंगाची रायफल घेतात. "आत्ता थोडी मोठी होईल, पण तीन वर्षं चालेल." पण मोठी रायफल घेतली की मूल त्या रायफलच्या हिशोबाने वाकडं उभं राहायला शिकतं, मान पुढे काढतं, कंबर मागे टाकतं, आणि ते वाकडेपण शरीरात मुरलं की काढायला वर्षं जातात, पाठ दुखते ती वेगळीच.

नियमात एअर रायफलचं वजन जास्तीत जास्त ५.५ किलो. मोठ्यांच्या रायफली साडेचार-पाच किलोच्या आसपास भरतात. ज्युनियर मॉडेल त्याहून बऱ्यापैकी हलकी असतात आणि स्टॉक आखूड असतो. दहा-अकरा वर्षांच्या तीस-पस्तीस किलोच्या मुलाला ज्युनियरच बघा. आणि नुसतं काट्यावरचं वजन बघू नका, वजन कुठे आहे तेही बघा. सारख्याच वजनाच्या दोन रायफलींपैकी जिचं तोंड जड ती मुलाला जास्त जड लागते, कारण सगळा भार पुढच्या हातावर येतो.

हातात देऊन बघायची पद्धत अशी:

१. रायफल रिकामी आहे ना ते स्वतः बघा, सेफ्टी फ्लॅग घाला, तोंड भिंतीकडे.

२. मुलाला टार्गेटला आडवं उभं करा, पाय खांद्याएवढे लांब, पुढच्या हाताचं कोपर कंबरेच्या हाडावर किंवा बरगडीला टेकलेलं. कोपर तिथे पोचतच नसेल आणि हात हवेत असेल तर वजन दंडावर येणार, हे जमणार नाही.

३. बट, म्हणजे स्टॉकचं मागचं टोक, खांद्याच्या खळगीत ठेवून डोकं सरळ ठेवायला सांगा. आता बाजूने, म्हणजे मुलाच्या छातीसमोर उभं राहून बघा, रायफलच्या तोंडासमोर नाही. साइटपर्यंत पोचायला मान पुढे ताणली जातेय म्हणजे बट लांब आहे. साइट चेहऱ्यावर येतेय, अंग आखडलंय, म्हणजे आखूड आहे. आखूड असली तर स्पेसर (मध्ये घालायच्या चकत्या) टाकून वाढवता येते, लांब असली आणि बट सगळ्यात आत सरकवूनही लांबच राहिली तर ती रायफल या मुलाची नाही.

४. ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर, त्याचा मधला गादीचा भाग, सरळ मागे ओढता येईल असा पडला पाहिजे. बोटाची बाजू लाकडाला घासत असेल तर ग्रिप मोठी आहे. लहान मुलांच्या ग्रिपचा साइज वेगळा येतो, एस म्हणून मागा.

५. आता एक मिनिट धरून ठेवायला सांगा आणि तुम्ही रायफलकडे बघूच नका, फक्त पाठीकडे बघा. पहिले वीस सेकंद सगळीच मुलं मस्त उभी राहतात. त्यानंतर खरं काय ते दिसतं, पोट पुढे येतं, खांदे मागे पडतात, पुढचा गुडघा सुटतो, रायफलचं तोंड हळूहळू खाली जातं आणि मूल ते वर आणायला अंगच मागे टाकतं. थोडं मागे झुकणं या पोझिशनमध्ये असतंच, पण दर पाच सेकंदाला झुकाव वाढत जात असेल तर वजन जास्त आहे. रायफल बदला किंवा पुढची वजनं काढता येतात का बघा.

तपासा: हे सगळं क्लबचं जॅकेट घालून आणि जॅकेटशिवाय असं दोनदा करा. कडक जॅकेट मुलाला उभं धरतं आणि चुकीचं माप झाकून टाकतं.

इतकी लहान मुलं असतील की एक मिनिटही होत नाही, तर स्टँडवर टेकवून शूट करू द्या, त्यात कमीपणा नाही. जर्मनीत तर बारा वर्षांखालच्या मुलांना एअर रायफल सहसा देतच नाहीत, पेलेटऐवजी प्रकाशाचा किरण सोडणाऱ्या गनवर शिकवतात, तिथे राहणाऱ्या आपल्या मराठी घरांनी हे आधी क्लबला विचारून घ्यावं.

टप्पा ६: हवा कुठून येणार

स्प्रिंगवाल्या रायफलमध्ये बॅरल मोडून स्प्रिंग दाबायची असते. मुलाच्या हाताला ते जड जातं, दर शॉटला झटका बसतो, आणि बॅरल अर्धी मोडलेली असताना हातातून सुटली तर बोटं सापडतात. शिकायला एखादवेळेस ठीक, आणि तेव्हाही भरून देणारा मोठा माणूस शेजारी हवा. साइड लिव्हरच्या जुन्या न्यूमॅटिक रायफली नेमाला अजूनही फार छान आहेत, पण साठ शॉटला साठ वेळा लिव्हर ओढायची म्हणजे लहान मुलाची पोझिशन प्रत्येक शॉटला मोडते.

म्हणून आता सगळे पीसीपीकडे जातात, म्हणजे रायफलखाली हवेचं सिलेंडर, साधारण २०० बार दाबाने भरलेलं, एका भरण्यात एक दिवसाची प्रॅक्टिस आरामात निघते. इथे तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

भरायची सोय आधी बघा. रेंजवर मोठं सिलेंडर किंवा कंप्रेसर आहे का, हवा कोरडी आणि बिनतेलाची आहे का, तुमच्या मेकचा अडॅप्टर तिथे आहे का. अडॅप्टर मेकप्रमाणे वेगळे येतात आणि स्पर्धेच्या गावी गेल्यावर हे कळलं तर पंचाईत होते.

भरताना हळू. जोरात भरलं की सिलेंडर गरम होतं, काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर खाली येतो.

सावध: २०० बारचं सिलेंडर ३०० बारच्या बाटलीवरून भरताना नजर काट्यावरच हवी. जोडणीला ग्रीस-तेल लावायचं नाही. आणि भरायचं काम मुलाने करायचं नाही, मूल कितीही हुशार असलं तरी.

टप्पा ७: सेकंडहँड असेल तर

पहिली रायफल सेकंडहँड घ्यायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मुलं वाढतात, ज्युनियर रायफल दोन-तीन वर्षांत सुटते, त्यामुळे बाजारात चांगल्या वापरलेल्या ज्युनियर रायफली येत असतात. पण बघायचा क्रम पाळा, लोक आधी स्टॉकचा रंग आणि ओरखडे बघतात.

आधी सिलेंडर उलटं करून त्यावर कोरलेला महिना आणि वर्ष वाचा. अक्षरं बारीक असतात, कधी सीरियल नंबर आणि बार यांच्या गर्दीत लपलेली असतात, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की उठून दिसतात. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे सिलेंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेतल्या साहित्य तपासणीत, तारीख बघतात. तारीख जवळ आली असेल तर नव्या सिलेंडरची किंमत सौद्यातून कापून घ्या, तारीख खरवडलेली असेल तर तिथूनच परत या. दोन सिलेंडर मिळत असतील तर दोन्हीवरच्या तारखा वाचा, एक नवं आणि एक कालबाह्य अशी जोडी फार खपवतात.

मग सिलेंडर भरून काटा कुठे आहे त्याचा फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा. विकणारा "आत्ताच घेऊन जा, दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणत असेल तर त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ द्या.

त्यानंतर क्लॅम्पवर किंवा निदान सँडबॅगवर ठेवून क्लबच्या एखाद्या सीनियर शूटरकडून दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा पुंजका) मारून घ्या. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा असतो आणि नऊची रिंग ५.५ मिमीची. चांगली मॅच रायफल क्लॅम्पवरून सगळे शॉट जवळजवळ एकाच भोकात घालते. ग्रुप पसरत असेल तर आधी पेलेट बदलून बघा, तरी पसरत असेल तर सोडा.

साइटचे क्लिक दोन्ही बाजूला फिरवून बघा, दहा क्लिक उजवीकडे आणि दहा परत डावीकडे केल्यावर शॉट मूळ जागी आला पाहिजे. बट, चीकपीस (गाल टेकायची पट्टी), ग्रिप यांचे स्क्रू सगळे फिरतायत का, की कुणी झिजवून गोल केलेत, ते बघा. मुलासाठी हे स्क्रू दर काही महिन्यांनी हलणार आहेत, त्यामुळे ते मोकळे असणं स्टॉकच्या ओरखड्यांपेक्षा महत्त्वाचं.

शेवटी कागद. मूळ बिल, इम्पोर्टेड असेल तर ती कुणाच्या नावावर आणि कुठल्या सवलतीत आली त्याचे कागद, सीरियल नंबर जुळतोय का. नामांकित शूटर्सना फेडरेशनमार्फत ड्युटी सवलतीत माल आणता येतो आणि असा माल पुढे विकण्याला नियम आहेत, त्यामुळे "कागद नंतर देतो" यावर विश्वास ठेवू नका.

टप्पा ८: पैसे कुठे आणि कुठल्या क्रमाने

सगळं बजेट रायफलवर उडवतात आणि मग जॅकेट नातेवाइकाचं, बूट कुणाचे तरी. माझा क्रम असा: शूटिंगचे बूट, मग ग्लोव्ह, मग जॅकेट-ट्राउझर, आणि या सगळ्याबरोबर किंवा नंतर रायफल. बूट आधी का, तर क्लबची रायफल वापरतानाही मूल स्वतःच्या पायावरच उभं राहतं, आणि बूट सपाट नसतील तर खालपासूनच सगळं हलतं. जॅकेट मात्र वाढत्या अंगाचं अजिबात नको, सैल जॅकेट घालून काही फायदाच नाही, आणि बटण सरकवून घट्ट करायलाही नियमात मर्यादा आहे. देशी जॅकेट घ्या, मापाचं शिवून मिळतं.

पेलेटचा हिशोब आधीच करा. रोज साठ शॉट आणि वर वीस सायटर (सुरुवातीचे नेम जुळवायचे शॉट), आठवड्यात चार दिवस, म्हणजे ३२० पेलेट. पाचशेचा डबा दीड आठवड्यात संपतो. हा खर्च दर महिन्याला आहे, रायफल एकदाच. रोजच्या सरावाला मध्यम दर्जाचं सपाट डोक्याचं पेलेट आणि स्पर्धेला आरडब्ल्यूएस आर टेन किंवा एच अँड एन फिनाले मॅचसारखं, असं दोन पातळीवर ठेवा. स्पर्धेचं पेलेट आपल्या बॅरलला कुठलं जमतं ते क्लॅम्पवर बघूनच घ्या, डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा शंभराव्या मिमीत बदलतो आणि तेवढ्यानेही ग्रुप बदलतो.

आणि ब्रँड? वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुत्झ, तिन्हींची ज्युनियर मॉडेल चांगली आहेत, तुमच्या मुलाचा स्कोअर ब्रँडमुळे अडणार नाही. तुमच्या रेंजवर ज्या मेकचा अडॅप्टर आहे, ज्याचं सील बदलून देणारा माणूस जवळपास आहे आणि जी मुलाच्या मापाला बसते ती घ्या.

टप्पा ९: घरी आल्यावर सेटिंगचा क्रम

रायफल आली की पहिल्या संध्याकाळी वडील सगळे स्क्रू फिरवतात. थांबा. पहिल्यांदा आहे त्या सेटिंगचे चारी बाजूने फोटो काढा, स्केल ठेवून. मग कोचसमोर, याच क्रमाने:

१. बटची लांबी आणि उंची. डोकं सरळ असताना रायफल डोळ्यापर्यंत आली पाहिजे. मूल डोकं खाली पाडत असेल तर बटप्लेट (बटच्या टोकाची, खांद्याला टेकणारी पट्टी) खाली सरकवा, त्याने रायफल वर येते.

२. चीकपीस. गाल नुसता टेकवला की डोळा आपोआप साइटच्या मागे आला पाहिजे, दाबावा लागता कामा नये.

३. मागची साइट पुढे-मागे. पुढच्या साइटच्या कड्याभोवती सगळीकडून सारखी उजेडाची रिंग दिसायला हवी. अजूनही मान वाकत असेल तर साइटखाली उंचीचे ब्लॉक मिळतात.

४. ट्रिगरची पात, बोटाच्या पेराला सरळ येईल अशी.

५. ट्रिगरचं वजन सगळ्यात शेवटी. एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची खालची मर्यादा नाही म्हणून लोक तो केसासारखा हलका करतात. नवशिक्या मुलाला असं करू नका. बोट टेकल्याचं कळेल आणि मग सुटेल इतपत ठेवा, शंभर ग्रॅमच्या आसपास बऱ्याच मुलांना बसतं.

हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी साइट आणि मग बट, तर प्रत्येक बदलाने आधीचं बिघडतं आणि आठवडाभर तुम्ही गोल गोल फिरता.

तपासा: मुलाला पोझिशन घेऊन डोळे मिटायला सांगा, दोन श्वास घेऊन उघडायला सांगा. नेम टार्गेटच्या बाजूला गेला असेल तर हाताने ओढून आणायचा नाही, मागचा पाय थोडा सरकवायचा.

सावध: एका वेळी एकच स्क्रू, आणि वहीत तारीख टाकून लिहून ठेवा. स्पर्धेच्या आठवड्यात काहीही हलवायचं नाही.

टप्पा १०: ठेवणं, नेणं, हात धुणं

घरी रायफल कडक केसमध्ये, केसला कुलूप, किल्ली मोठ्या माणसाकडे. पेलेट दुसऱ्या कपाटात. पाहुणे आले की "दाखव रे रायफल" हा कार्यक्रम घरात होऊ देऊ नका, चुलत भावंडं जमली की नेमकं तेव्हाच काहीतरी होतं. घरी प्रॅक्टिस करायचीच असेल तर फक्त ड्राय फायर, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर ओढणं, पेलेटचा डबा त्या खोलीतही नको, आणि रायफलला ड्राय फायरचं सेटिंग आहे ना ते बघूनच.

रेंजवर नेताना केस बंद, बिलाची कॉपी आणि क्लबचं ओळखपत्र सोबत. विमानाने जायचं तर एअरलाइनला आधी कळवा, चेक-इन लगेजमध्येच, सिलेंडरमधली हवा सोडून आणि सिलेंडर काढून ठेवलेलं. हवा सोडायचं टूल केसमध्ये ठेवा, ते घरी राहिलं की काउंटरवर फजिती.

पेलेट शिशाचं असतं. मुलांना पेलेट तोंडात धरायची सवय लागते, दोन्ही हात अडकले की ओठात पकडतात, दिसलं की तिथल्या तिथे थांबवा. रेंजवर जेवणाचा डबा उघडायचा नाही, वडापाव तर नाहीच, आणि निघताना साबणाने हात धुवूनच निघायचं. ज्या टॉवेलने पेलेटचे हात पुसले तो तोंडाला लावायचा नाही.

टप्पा ११: पहिलं वर्ष

दर तीन महिन्यांनी टप्पा ५ मधली एक मिनिटाची तपासणी परत करा. या वयात मूल वर्षात पाच-सहा सेंटीमीटर सहज वाढतं, आणि स्कोअर अचानक पडला की पालक कोच बदलतात, पेलेट बदलतात, ओरडतात, आणि शेवटी निघतं काय तर बट दोन सेंटीमीटरने आखूड झालेली असते. स्पेसर टाका, चीकपीस बघा, परत टप्पा ९ चा क्रम.

पाठ किंवा मान दोन दिवसांपेक्षा जास्त दुखली तर रायफल बंद आणि फिजिओथेरपिस्ट. "सवय होईल" म्हणू नका. रायफल घेतली म्हणून पळणं, सूर्यनमस्कार, पोहणं बंद करू नका, शूटिंग एकाच बाजूला शरीर पिळतं, दुसरी बाजू सावरायला हे लागतंच.

वजनं, नवीन साइट, महागडं बटप्लेट, हे वर्षभर काहीही विकत घ्यायचं नाही. बट पूर्ण बाहेर आली, स्पेसरची जागा संपली आणि मूल शेवटच्या दहा शॉटमध्येही पाठ न टाकता उभं राहतंय असं दिसलं की मोठ्या स्टॉकचा विचार सुरू करा, आणि तेव्हा ही ज्युनियर रायफल विकायला काढाल तर सिलेंडरवरची तारीख जाहिरातीतच लिहा, पहिला फोन त्याच्यासाठीच येतो.